ओट्यावरची जागा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी व्याख्याता नाही. कापडाच्या दुकानात गादीवर बसून ज्याने चाळीस वर्षे मीटरपट्टी हाताळली, त्याच्याकडून विद्वत्तापूर्ण विवेचनाची अपेक्षा आपणही करणार नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने हिशेबाची मात्र सवय आहे. म्हणून आज एका हिशेबाविषयीच बोलावे, असे मी ठरविले.

ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा जमाखर्च या स्मरणिकेत आपणास वाचावयास मिळेल. कोणी किती दिले, कशासाठी दिले, याची त्यात नोंद आहे आणि ती असलीच पाहिजे. परंतु एक खाते असे आहे, की ज्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ज्याचे नाव आपणास ठाऊक नाही, ज्याच्याशी नातेगोते नाही, व्यवहार नाही आणि ज्याची पुन्हा भेट होण्याचाही फारसा संभव नाही, अशा माणसाशी आपण रोज कसे वागतो, त्याचे हे खाते आहे. नातलगांशी आपण चांगले वागतो, कारण उद्या त्यांच्याच मांडवात उभे राहावयाचे असते. गिऱ्हाइकाशी चांगले वागतो, कारण ते पुन्हा यावे असे वाटते. अनोळखी माणसाशी चांगले वागण्यास असे कोणतेच कारण नसते. म्हणूनच माणसाची खरी पारख त्या ठिकाणी होते.

या विषयाचा विचार करण्यास वाशिंदइतके योग्य गाव दुसरे क्वचितच सापडेल, कारण आपले गाव वाढले तेच मुळी परक्या माणसांच्या येण्याजाण्याने. रेल्वेची गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास गेली, १८५४ साली कल्याणास आली आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदला पोहोचली. पुढील आसनगावपर्यंतचा मार्ग सुरू झाला तो फेब्रुवारी १८६० मध्ये, आणि कसाऱ्यापर्यंतचा १८६१ च्या आरंभी. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ वाशिंद हे या मार्गावरील शेवटचे स्थानक होते. आगगाडीने आलेला माणूस येथे उतरे आणि नाशिककडे जावयाचे असल्यास येथून पुढे आग्रा रस्त्याने बैलगाडीने अथवा घोड्यावरून थळ घाट चढे. त्या काळातील वाशिंदकरांनी किती अनोळखी माणसांना तांब्याभर पाणी दिले असेल, कितीजणांना रात्रीपुरता निवारा दिला असेल, याची नोंद कोणी ठेविली नाही. परंतु तसे घडल्यावाचून तो रस्ता चालूच शकला नसता.

पुढे माणसे येतच राहिली. धरणाच्या कामावर मजूर आले, कारखान्यात नोकरीसाठी निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे आली, आणि मुंबई-ठाण्यातील जागांचे भाव आवाक्याबाहेर गेल्यावर तेथील नोकरदार येथील इमारतींत राहावयास आले. आपणही त्याच रांगेतले. आपल्यापैकी कोणाचे पूर्वज मारवाडातून आले, कोणाचे गुजरातेतून, कोणाचे कच्छमधून. माझे आजोबा मारवाडातून आले, तेव्हा त्यांच्याजवळ खांद्यावरील कापडाच्या गाठोड्याव्यतिरिक्त काही नव्हते आणि मराठीचा एक शब्दही येत नव्हता. पहिला पावसाळा त्यांनी एका कुणबी शेतकऱ्याच्या ओट्यावर काढला. त्या गृहस्थाने त्यांना जात विचारली नाही आणि भाडेही मागितले नाही. पाऊस पडतो आहे, माणूस भिजतो आहे आणि ओट्यावर जागा आहे, एवढाच विचार त्याने केला. त्या ओट्यावर आजोबांनी कापड मांडले, आणि आमच्या घराण्याचा या गावातील धंदा तेथून सुरू झाला. आपणापैकी बहुतेकांच्या घरी अशी एखादी हकिकत वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकावयास मिळेल. तात्पर्य, आपण आज ज्या सुस्थितीत येथे बसलो आहोत, तिच्या मुळाशी कोणा परक्याने आपणा परक्यांस दिलेली जागा आहे. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर ही रक्कम आपल्या नावे पडलेली आहे.

आता कोणी म्हणेल, की आपल्या समाजात दयाभाव कमी आहे काय? मुळीच नाही, आणि या गावात तर नाहीच नाही. संकट आले म्हणजे आपला माणूस कसा धावतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि हजारो प्रवाशांनी ती रात्र अनोळखी लोकांच्या घरी, शाळांत, देवळांत काढली. कोणीही कोणाचे आडनाव विचारले नाही.

आपल्या अगदी दाराशी घडलेला प्रसंग म्हणजे २९ ऑगस्ट २०१७ चा. नागपूरहून मुंबईस जाणारी दुरांतो एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास वाशिंद आणि आसनगाव यांच्या दरम्यान रुळांवरून घसरली. रात्रभरच्या मुसळधार पावसाने माती रुळांवर आली होती. इंजिनासह नऊ डबे घसरले. चालकाने प्रसंगावधान राखून ब्रेक लावला आणि सुदैवाने एकाही प्रवाशाचे प्राण गेले नाहीत. परंतु नागपूर-विदर्भाकडची ती माणसे, काही झोपेतून उठलेली, लहान मुले बरोबर, सामान हातात, चिखलात उभी होती. आपण कोठे आहोत हेही त्यांना ठाऊक नव्हते. गणेशोत्सवाचे दिवस होते आणि आपली संवत्सरी होऊन अवघे काही दिवसच लोटले होते. आसपासच्या वस्त्यांतील माणसे पावसात धावली. कोणी वृद्धांना हात देऊन उतरविले, कोणी सामान वाहून नेले, कोणी चहा केला. त्याच दिवशी मुंबईतही अतिवृष्टी झाली आणि तेथेही लोकांनी आपली दारे उघडली.

तिसरी गोष्ट २०२० सालची. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबई, ठाणे, भिवंडी येथील मजूर डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन मुंबई-नाशिक महामार्गाने पायी निघाले. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश येथे त्यांची गावे. ज्या रस्त्यावर साधू-साध्वी भगवंतांच्या विहारात आपली तरुण मंडळी पहाटे सोबत चालतात, त्याच रस्त्याने ही माणसे वैशाखाच्या उन्हात चालली होती. मजुरांसाठीच्या खास रेल्वेगाड्या सुरू झाल्या त्या १ मेपासून. आपल्यापैकी अनेकांनी त्या काळात जेवणाची पाकिटे, पाणी, चपला वाटल्या. आमची दुकाने बंदच होती. गोदामातील पंचे आणि दुपट्टे त्या वेळी उन्हापासून डोके झाकण्याच्या उपयोगी पडले.

परंतु त्या दिवसांतील जे दृश्य मला विसरता येत नाही, ते आपल्या सेवेचे नव्हे. महामार्गाच्या कडेला एक आदिवासी बाई पाण्याचा हंडा घेऊन बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत तांब्याने पाणी ओतीत होती. आपणास ठाऊकच आहे, की आपल्या शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा जातो. तानसा तलाव तर १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या बाईने तो हंडा कोठून आणि किती अंतरावरून आणला असेल, याची कल्पना करा. ज्या शहराला आपल्या डोंगरांतील पाणी जाते, त्या शहराने वाऱ्यावर सोडलेल्या माणसांना ती आपल्या वाट्याचे पाणी पाजीत होती. आपण गोदामातून दिले, तिने घरातून दिले. या दोन दानांतील अंतर सुज्ञांस सांगावयास नको.

तेव्हा दयाभावाचा दुष्काळ आपल्याकडे नाही. प्रश्न निराळाच आहे. २९ ऑगस्टला चिखलात उतरून परक्या प्रवाशाचे सामान वाहणारा तरुण ३० तारखेला किंवा गाड्या सुरळीत झाल्यावर लोकलच्या दारात उभा राहतो, तेव्हा वाशिंदला चढू पाहणाऱ्या माणसाला आत यावयास जागा का देत नाही? रस्त्यावरून चालणाऱ्या मजुराला जेवू घालणारा गृहस्थ आपल्याच बाजारात करवंदे विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत का घालतो? माणूस तोच असतो. मग एका दिवसात त्याचे काय बदलते?

मला असे वाटते, की संकटाच्या वेळी अनोळखी माणूस आपणास दिसतो. तो भिजलेला असतो, भुकेला असतो, आणि त्याचे दुःख डोळ्यांत भरते. रोजच्या धावपळीत तो दिसतच नाही. दिसते ते त्याचे धक्क्याला लागणारे कोपर, आपल्या पुढे रांगेत असलेली त्याची पाठ, आपल्या गाडीच्या आड आलेली त्याची सायकल. तो माणूस न राहता अडथळा होतो. त्याच्याविषयी आपल्या मनात वैर नसते, द्वेषही नसतो. खरे तर त्याच्याविषयी मनात काहीच नसते आणि दोष आहे तो नेमका याच ठिकाणी.

आपल्या पूर्वाचार्यांनी या दोषाला फार जुने नाव देऊन ठेविले आहे. ते नाव म्हणजे प्रमाद. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या केली, ती प्रमादापासूनच आरंभ करून. उत्तराध्ययनसूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीरांनी गौतमस्वामींसारख्या थोर शिष्याला पुनःपुन्हा बजाविले ते हेच, की क्षणभरही बेसावध राहू नये. हिंसा करण्यासाठी क्रूर असावे लागते, असे आपण समजतो. शास्त्र म्हणते, की त्यास बेसावध असणेही पुरेसे आहे.

येथे संवत्सरीचा विचार मनात येतो. त्या दिवशी आपण आप्तेष्टांना, व्यापारातील मंडळींना, शेजाऱ्यांना हात जोडून क्षमा मागतो. पूर्वी पत्रे लिहीत असू, आता मोबाइलवरून एकाच वेळी शेकडो जणांना संदेश जातो. परंतु वर्षभरात आपल्या बेसावधपणामुळे दुखावला गेलेला माणूस त्या यादीत असतो काय? ज्या वृद्धाला दारातून मागे ढकलले गेले, ज्या रिक्षावाल्याला चारचौघांत अपशब्द ऐकावे लागले, त्याचा क्रमांक कोणाजवळ असणार? ज्याचा पत्ता ठाऊक नाही, त्याची क्षमा मागता येत नाही. म्हणून त्याला अगोदरच जपावे लागते. परक्याच्या बाबतीत सावधगिरी हीच काय ती क्षमापना.

ही सावधगिरी कशी बाळगावी, हेही आपल्याकडे सांगून ठेविले आहे. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेप आणि उत्सर्ग या पाच समिती आपण पाठशाळेत शिकलो. त्या साधुजीवनासाठी सांगितलेल्या आहेत आणि त्यांचा खरा, सूक्ष्म अर्थ महाराजसाहेबांकडूनच समजून घ्यावा. मी संसारी माणूस आहे. परंतु स्टेशन, बाजार आणि दुकान या तीन ठिकाणी ज्याचे आयुष्य गेले, त्याला या पाच शब्दांत रोजच्या वागणुकीचे सर्व नियम सापडतात.

पहिली ईर्या समिती, म्हणजे चालण्यातील सावधगिरी. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून आपण जपतो, हे योग्यच आहे. त्याच पायांनी आपण लोकलमध्ये चढतो. आपल्या कसारा मार्गावर सकाळच्या गाडीची काय अवस्था असते, हे मी सांगावयास नको. गाडी वाशिंदला येते तेव्हाच दार भरलेले असते. आत मधल्या जागेत दोन-चार माणसे मावतील अशी फट असते, परंतु दारातील मंडळी आत सरकत नाहीत, कारण त्यांना उतरताना सोयीचे व्हावे. बाहेर उभा असलेला माणूस मग एका पायावर लटकतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. त्यांतील एक गाडी कसाऱ्याकडे येणारी होती, म्हणजे आपलीच. गाड्या अपुऱ्या आहेत, गर्दी अफाट आहे, ती जबाबदारी रेल्वेची आहे, आणि त्यासाठी प्रवासी संघटनांनी भांडावे, आपणही त्यांना साथ द्यावी. परंतु डब्याच्या आतील एक वीत जागा आपल्या हातातील आहे. ती दिल्याने एखाद्या घरचा कर्ता माणूस संध्याकाळी घरी पोहोचू शकतो.

याच गाडीतील चांगुलपणाही सांगितला पाहिजे. तीन जणांच्या बाकावर चौथ्याला बसू द्यावे, हा नियम रेल्वेने केलेला नाही. प्रवाशांनीच तो रूढ केला. अर्धा प्रवास बसून झाल्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ‘आता तुम्ही बसा’ म्हणून उठणारे लोक मी कल्याणच्या महाविद्यालयात जात होतो तेव्हाही पाहिले आणि आजही पाहतो. पाठीवरची पिशवी काढून पुढे पोटाशी धरणारा तरुण, त्याला ठाऊक नसेल, परंतु ईर्या समितीच पाळीत असतो.

दुसरी भाषा समिती. आपल्या भागातील ठाकूर, कातकरी बांधव सर्वांनाच ‘तू’ म्हणतात. दुकानदाराला ‘तू’, तलाठ्याला ‘तू’, डॉक्टरलाही ‘तू’. त्यांच्या बोलीची ती रीतच आहे आणि त्यात अनादराचा लवलेश नसतो. बाहेरून आलेल्या काही मंडळींना त्याचा राग येतो. गंमत अशी, की हीच मंडळी त्या वृद्ध आदिवासीला ‘ए, इकडे ये’ म्हणून हाक मारतात. त्याच्या ‘तू’मध्ये जवळीक असते आणि यांच्या ‘तू’मध्ये तुच्छता. शब्द एकच असला तरी ऐकणाऱ्याला दोन्ही बरोबर कळतात. रिक्षावाला, हमाल, भाजीवाली, इमारतीचा रखवालदार यांना ‘अहो’ म्हणण्यास काही खर्च येत नाही.

तिसरी एषणा समिती, म्हणजे घेण्यातील विवेक. साधू भगवंत गोचरीला जातात तेव्हा देणाऱ्याच्या घरी उणे पडणार नाही, अशा बेताने घेतात. आपण बाजारात घेतो तेव्हा? उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, पावसाळ्यात करटोली आणि टाकळ्याची भाजी घेऊन पाड्यांवरच्या बाया बाजारात येऊन बसतात. पहाटे रानात जाऊन, काटे लागून, ते सारे गोळा केलेले असते. संध्याकाळी परतीची गाडी गाठावयाची असते, म्हणून त्या मिळेल त्या भावाला माल देतात, हे आपणास नेमके ठाऊक असते. मॉलमध्ये छापील किमतीपुढे आपण मान डोलावतो आणि या बाईपुढे आपला व्यापारी बाणा जागा होतो. मी स्वतः व्यापारी आहे. घासाघीस हा बाजाराचा धर्म आहे, हे मला मान्य आहे. परंतु घासाघीस बरोबरीच्या माणसाशी करावी. जिला नाही म्हणण्याची सोय नाही, तिच्याशी केलेल्या घासाघिशीला व्यापारात दुसरे नाव आहे.

चौथी आदान-निक्षेप समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगावयाची काळजी. मोटारसायकल दुसऱ्याच्या दारात आडवी लावून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणे, बाकावर पिशवी ठेवून जागा अडविणे, हे सारे यात येते. आमच्या दुकानाचे उदाहरण देतो. लग्नाचा बस्ता बांधावयास मंडळी येतात, तीस-चाळीस साड्यांच्या घड्या मोडतात. ते त्यांचे कामच आहे, आणि दाखविणे हे आमचे. काही माणसे मात्र न पसंत पडलेली साडी हाताने बाजूला फेकतात आणि काही ती नीट घडी करून दुकानातील मुलाच्या हातात देतात. दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकांत श्रीमंत फारसे नसतात, एवढेच मी सांगतो. अर्थात गादीच्या अलीकडचा दोषही सांगितला पाहिजे. गिऱ्हाइकाच्या पायांतील चपला पाहून त्याला कोणता माल दाखवावयाचा ते ठरविणे, ही आमच्या धंद्यात हुशारी समजली जाते. भात विकून किंवा वीटभट्टीच्या हंगामाचे पैसे साठवून मुलीच्या बस्त्यासाठी आलेल्या माणसाला ती नजर लगेच कळते. तो काही बोलत नाही, परंतु त्याची मान खाली जाते.

पाचवी उत्सर्ग समिती, म्हणजे टाकाऊ वस्तू कोठे आणि कशी टाकावी याचा विवेक. आपला वरघोडा निघतो, मोठ्या थाटाने निघतो. वाटेत सरबत, पाणी दिले जाते. वरघोडा पुढे गेल्यावर मागे राहिलेले प्लास्टिकचे पेले कोण उचलतो? ज्या घरांसमोरून आपण गेलो, त्या घरच्या सुनेने ते झाडावयाचे काय? धर्माच्या मिरवणुकीचा कचरा परक्याच्या दारात राहणे शोभत नाही.

आता एक शंका घेतली जाते आणि ती विचारात घेण्यासारखी आहे. काळ चांगला नाही, अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवावा? फसवणुकीचे प्रकार घडतात, घरी एकटी असणारी वृद्ध माणसे भितात. ही भीती खोटी नाही. परक्यासाठी दार उघडू नये, अनोळखी व्यक्तीने दिलेले खाऊ नये, हे मुलांना शिकविलेच पाहिजे. परंतु सावधपणा आणि तुसडेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दार न उघडता आतून नीट उत्तर देता येते. पत्ता विचारणाऱ्याला थांबून सांगता येते. आपले साधू-साध्वी विहार करतात तेव्हा ज्या गावात एकही जैन घर नाही, तेथील लोक त्यांना शाळा उघडून देतात, कोणी आपल्या पडवीत उतरवून घेतात. त्या लोकांना हे पांढऱ्या वस्त्रांतील, अनवाणी चालणारे कोण, हे अनेकदा ठाऊकही नसते. त्यांनी आपल्यासारखीच शंका घेतली असती तर?

मुक्या प्राण्यांविषयी आपल्या समाजाची कीर्ती मोठी आहे. मोतीशा शेठ यांनी पारशी गृहस्थ जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर १८३४ साली मुंबईत पांजरापोळ स्थापन केली आणि ती आजही चालू आहे. कबुतराला दाणे आणि गाईला चारा यांत आपण कधी कमी पडलो नाही. त्याच अनुकंपेचा हिस्सा दोन पायांच्या परक्यालाही मिळावा, एवढीच माझी विनंती आहे.

शेवटी एक स्थानिक गोष्ट बोलतो. ती काहींना रुचणार नाही, परंतु आपल्याच घरातील समारंभ आहे, म्हणून बोलतो. बाजारपेठेत पूर्वी प्रत्येक दुकानाला ओटा असे. पावसाची सर आली की वाटसरू तेथे थांबे. पाड्यावरून आलेली म्हातारी एसटीची वाट पाहत तेथे टेकत असे. गेल्या काही वर्षांत दुकाने नवी झाली, काचा आल्या, ग्रॅनाइट बसले. आणि त्याबरोबर ओट्यांवर लोखंडी जाळ्या आल्या, टोकदार गज आले. कोणी दगड मुद्दाम उतरता बसविला, कोणी कुंड्यांची रांग लावली, हेतू हा की कोणी बसू नये. दुकानदारांची अडचण मी समजू शकतो. लोक थुंकतात, कचरा टाकतात, गिऱ्हाइकाची वाट अडते. परंतु ज्यांच्या आजोबांना परक्याच्या ओट्याने आसरा दिला, त्यांच्या नातवांनी आपल्या ओट्यावर खिळे ठोकावेत, हे जमाखर्चात बसत नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षासाठी मी विश्वस्त मंडळापुढे आणि आपणा सर्वांपुढे तीन विनंत्या ठेवितो. पहिली, आपल्या समाजातील प्रत्येक दुकानदाराने ओट्याचा निदान एक हातभर भाग मोकळा, सपाट ठेवावा आणि पावसाळ्यात त्यावर छप्पर राहील असे पाहावे. दुसरी, स्टेशनच्या रस्त्यावर ट्रस्टने बारमाही पाणपोई चालवावी. ती रोज धुण्यासाठी माणूस नेमावा, त्याला योग्य पगार द्यावा आणि तिच्यावर कोणाचेही नाव लिहू नये. पाणी पिणाऱ्याने ते कोणी दिले हे वाचत बसण्याचे कारण नाही. तिसरी, वरघोडा आणि स्वामीवात्सल्य यानंतर आपल्याच युवक मंडळाने त्याच दिवशी रस्ता झाडून मगच घरी जावे, आणि त्यात वडीलधाऱ्यांनीही हातात झाडू घ्यावा.

या तिन्ही गोष्टींस फारसा पैसा लागणार नाही. पहिलीला तर काहीच लागणार नाही, उलट जाळीचा खर्च वाचेल. त्या केल्याने वर्तमानपत्रात बातमी येणार नाही आणि पुढील स्मरणिकेत छायाचित्रही छापले जाणार नाही. परंतु येत्या पावसाळ्यात जूनच्या पहिल्या सरीने बाजारात धावपळ उडेल, तेव्हा डोक्यावर पाटी घेतलेली एखादी बाई आपल्या ओट्यावर चढेल, पाटी खाली ठेवील आणि पाऊस थांबेपर्यंत निर्धास्त उभी राहील. तिला कोणी हटकणार नाही, एवढी व्यवस्था आपण करू या.

 ट्रस्टच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देतो आणि माझे भाषण संपवितो.

जय जिनेंद्र!